मुलांचे मन आणि तालुक्याचा दवाखाना

मुलांच्या मनाचे विकार ही भ्रमणध्वनी आणि स्पर्धापरीक्षा यांनी अलीकडे निर्माण केलेली व्याधी आहे, अशी जी समजूत चांगल्या वाचत्या घरांतही आढळते, तिला इतिहासाचा आधार नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी जी संस्था निघाली आणि जी पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली, तिच्या आश्रयाने १९३७ मध्येच देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले होते. अशा केंद्रांमागील कल्पना अशी, की बुजलेले, बिथरलेले किंवा अभ्यासात मागे पडलेले मूल वैद्याने एकट्याने तपासून भागत नाही. वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून त्याचे शरीर, त्याची बुद्धी व भावना, आणि त्याचे घर व शाळा यांचा एकत्र विचार करावयास हवा. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, तरी या कल्पनेत खोडून काढावे असे काही कोणाला सापडलेले नाही. खेद एवढाच, की ती मुंबईहून पुण्या-नागपुरापर्यंत गेली, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि शहरी खाजगी दवाखान्यांत स्थिरावली, आणि तालुक्याच्या गावाकडे जाणारी एसटी मात्र तिला अद्याप सापडलेली नाही.

प्रश्नाचा आवाका सांगणारे आकडे आपल्याकडे थोडे आहेत, आणि जे आहेत ते जपून वाचावे लागतात. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. त्या बारा राज्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हते. तेव्हा आपल्या घरचा अंदाज शेजाऱ्याच्या वहीवरून बांधण्यावाचून गत्यंतर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद असून त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आहेत. हा आकडा वृत्तपत्रांतून परीक्षेच्या निकालाच्या सुमारास दरवर्षी फिरतो. परंतु ही वर्गवारी मृताच्या व्यवसायावरून केलेली असते, त्यामुळे सातवीनंतर शाळा सुटून मोलमजुरीला लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा, किंवा सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, या रकान्यात येत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. मानसिक विकारांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या विकारांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत होतो, असे जगभरच्या अभ्यासांचे सार आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्या वयात विकार सुरू होतो त्या वयात त्याची दखल घेणारी व्यवस्था जवळपास नाही, आणि जेव्हा दखल घेतली जाते तेव्हा तो दहा वर्षांचा जुना झालेला असतो.

मोठ्या माणसाचे दुखणे आणि मुलाचे दुखणे यांत येथे एक मूलभूत भेद आहे. मोठा माणूस, उशिरा का होईना, आपण होऊन दवाखान्याची पायरी चढतो. मुलाला कोणीतरी आणावे लागते, आणि आणणाऱ्याला ते दुखणे दुखणे म्हणून दिसावे लागते. ते तसे दिसत नाही. नऊ वर्षांच्या मुलाची चिंता सोमवारी सकाळी पोटदुखीच्या रूपाने प्रकट होते आणि साडेअकराला, शाळा बुडाली की, नाहीशी होते. पंधरा वर्षांच्या मुलाचे नैराश्य रडण्यात दिसण्याऐवजी चिडचिडीत, उर्मटपणात, रात्र-रात्र जागण्यात दिसते, आणि घरात त्याला ‘माज आला आहे’ असे म्हणतात. अक्षरांची उलटापालट करणारे, वाचताना ओळ सोडणारे मूल अध्ययनअक्षमतेचे असू शकते, पण त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो. आणि ज्याचे लक्ष खरोखरच विकारामुळे एके ठिकाणी ठरत नाही, त्या मुलाच्या वाट्याला तर शेवटचा बाक आणि पहिला मार ठरलेला असतो. तेव्हा लक्षणे ओळखण्याचे काम वैद्याच्या खोलीत सुरू होत नाही. ते वर्गात, घरात आणि अंगणवाडीत सुरू होते. वैद्य फार नंतर येतो.

ही साखळी प्रत्यक्षात कशी चालते, किंवा कोठे तुटते, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्यातील आठवीत शिकणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. ती कोणी एक नव्हे, अनेकींची मिळून बनलेली आहे. दसरा झाला की तिचे आईवडील मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे आजी, ही मुलगी आणि धाकटा भाऊ. डिसेंबरात एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलगी कोसळते, हातपाय ताठ होतात, दातखीळ बसते; पाणी मारल्यावर थोड्या वेळाने शुद्धीवर येते. आठवड्यातून दोनदा, पुढे रोज असे होऊ लागते. मैत्रिणी घाबरतात, एक शिक्षक म्हणतात नाटक आहे, दुसरे म्हणतात मिरगी आहे. आजीचा विश्वास, की हे बाहेरचे आहे; म्हणून ती अमावस्येला तिला देवऋषाकडे नेते, आणि तेथे अंगारा व गंडा मिळतो. गावातला डॉक्टर अशक्तपणा म्हणून सलाईन लावतो. अखेरीस प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, जे या साखळीतले पहिले शास्त्रशुद्ध विचार करणारे माणूस आहेत, तिला नीट तपासतात, आणि जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाच्या नावे चिठ्ठी लिहून देतात.

इथवर काहीच बिघडलेले नाही. आजी एक दिवसाची मजुरी बुडवून, धाकट्याला शेजारणीकडे ठेवून, पहाटेच्या गाडीने निघते. केसपेपरच्या खिडकीपाशी एक रांग, बाह्यरुग्ण विभागापाशी दुसरी. मानसोपचारतज्ज्ञ त्या दिवशी हजर आहेत, हे तिचे नशीब. त्यांच्यापुढे प्रौढ रुग्णांची गर्दी आहे, त्यातून ते दहा मिनिटे काढतात, झटके मिरगीचे नाहीत असे त्यांच्या अनुभवी डोळ्याला दिसते, तरी खात्रीसाठी मेंदूचा आलेख काढावयास सांगतात, अल्प मात्रेची गोळी लिहितात आणि म्हणतात, ‘आजी, पोरीच्या मनावर ताण आहे. पंधरा दिवसांनी घेऊन या, मग बसून बोलू.’ डॉक्टरांचे म्हणणे अक्षरशः बरोबर आहे. अशा विकारात खरा उपचार गोळीत नसून त्या ‘बसून बोलण्यात’ असतो: मुलगी ढोंग करीत नाही हे घराला व शाळेला पटवणे, झटका आल्यावर भोवती गर्दी जमू न देणे, आणि तिच्या मनातले ओझे, मग ते आईच्या आठवणीचे असो, घरकामाचे असो, की रात्री घरात आईवडील नसल्याने वाटणाऱ्या एखाद्या ठरावीक भीतीचे असो, धीराने उकलून पाहणे. परंतु पंधरा दिवसांनी आजी येत नाही. तिला कोणी येऊ नको म्हटलेले नाही. पण दुसऱ्यांदा मजुरी बुडवणे, दुसऱ्यांदा शेजारणीचे उपकार घेणे, आणि गोळीने फरक पडला नाही हे दिसत असताना पुन्हा त्याच रांगेत उभे राहणे, एवढे तिच्या हिशेबात बसत नाही. चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत पडून राहते.

माझ्या मते मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेचा सारा प्रश्न या दुसऱ्या भेटीत साठलेला आहे. पहिली भेट शिबिराने होते, भिंतीवरच्या फलकाने होते, एखाद्या कळकळीच्या शिक्षकामुळे होते, घाबरल्यामुळे तर हमखास होते. दुसरी, तिसरी आणि चौथी भेट होण्यासाठी जागा जवळ लागते, वेळ सोयीची लागते, आणि मुख्य म्हणजे तेच माणूस पुन्हा भेटावे लागते. सेवा सुधारण्याच्या बहुतेक योजना पहिल्या भेटीच्या विचाराने आखलेल्या आहेत.

योजनांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या अनुभवावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, ज्यात जिल्हा पातळीवर मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता व परिचारिका यांच्या पथकाची तरतूद आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, आणि २०२० मध्ये आयुष्मान भारताच्या अंतर्गत शाळा आरोग्य कार्यक्रम, ज्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करून भावनिक स्वास्थ्याचेही पाठ त्यांच्या अंगावर टाकले आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही दूरध्वनीसेवा चोवीस तास आणि मराठीतही मिळते. यांपैकी प्रत्येकाचे दप्तर वेगळे, नोंदवही वेगळी, आढावा-बैठकीचा वार वेगळा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दोन वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता आणि परिचारिका यांसह गाडी घेऊन वर्षातून एकदा शाळेत येते, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता, अतिचंचलता व अध्ययनअक्षमता यांचीही नावे आहेत. पण ज्याने असा दिवस शाळेत बसून पाहिला आहे त्याला ठाऊक असते, की शे-सव्वाशे मुले ओळीने पुढे सरकत असताना दात दिसतात, नायटा दिसतो, फळ्यावरची अक्षरे न दिसणारे डोळे दिसतात. मन रांगेत दिसत नाही. किशोरांसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या गोड नावाची केंद्रे आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात, जिथे नात्यातला कोणी ना कोणी हमखास भेटतो, त्या पाटीखालून आत शिरण्याचे धैर्य सोळा वर्षांच्या मुलीला कोठून यावे, याचा विचार पाटी लावणाऱ्याने केलेला दिसत नाही.

कायदा मात्र या बाबतीत व्यवहाराच्या बराच पुढे आहे, आणि तो वाचकांना ठाऊक असावा म्हणून थोडा तपशील देतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने शासनाने पुरवावयाच्या किमान सेवांत मुलांसाठीच्या सेवेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मुलांना व वृद्धांना उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ असावी, असे बंधन घातले आहे. आणि किमान सेवा जिल्ह्यात शासनाकडून उपलब्ध नसल्यास रुग्णाने जिल्ह्यातील अन्य सेवा घ्यावी व तिचा खर्च शासनाने सोसावा, अशीही तजवीज केली आहे. या शेवटच्या तरतुदीवर कोणी तालुक्यातून अर्ज केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. अल्पवयीन मुलाला रुग्णालयात दाखल करणे हा अपवादाचाच उपाय ठरवून त्यासाठी एका मानसोपचारतज्ज्ञाने व आणखी एका व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासणी करण्याची, प्रौढ रुग्णांपासून वेगळी जागा देण्याची आणि पालकाने किंवा नेमलेल्या व्यक्तीने मुलाजवळ राहण्याची अट घातलेली आहे. मुलगी असेल तर जवळची व्यक्ती स्त्रीच असावी लागते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील आपली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मुख्यतः प्रौढांच्या दीर्घ वास्तव्याच्या कल्पनेने उभी राहिलेली आहेत. तेव्हा मुलांसाठी जिल्हा रुग्णालयातच, बालरोग विभागाला लागून, दोन-चार खाटा राखून ठेवणे हे कमी खर्चाचे, आणि आईबापांच्या मनाला कमी भेडसावणारे काम आहे.

आता कळीचा प्रश्न: मुलाशी ‘बसून बोलणारा’ तो माणूस कोण? देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि मुलांच्या विकारांचे खास शिक्षण घेतलेले त्यांतले अगदी थोडे. ते प्रत्येक तालुक्यात येतील या आशेवर आणखी एक पिढी घालवण्यात अर्थ नाही. यावर तत्परतेने सुचवला जाणारा उपाय म्हणजे शिक्षक. खिचडीच्या तांदळापासून मतदारयादीपर्यंत सर्व काही ज्याच्या गळ्यात अडकवता येते, त्याच्याच गळ्यात हेही अडकवावे, या विचारात सोय आहे हे खरे. पण त्याची कसोटी लागून गेलेली आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला. काही शाळांत मानसिक स्वास्थ्याचा एक कार्यक्रम तेथल्याच शिक्षकाने राबवला, काही शाळांत तोच कार्यक्रम त्यासाठी नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित अशा समुपदेशकाने राबवला, आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेमलेल्या समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य, दांडगाई आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या शाळांत मात्र तुलनेच्या शाळांहून काही फरक पडला नाही.

याचा अर्थ शिक्षक नालायक आहेत असा कोणी काढू नये. जो माणूस सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल उभे करतो, तिमाहीचे गुण देतो, आणि ज्याचे घर मुलीच्या काकाच्या घरासमोर आहे, त्याच्यापाशी मधल्या सुट्टीत मन मोकळे करणे हे मुलाच्या दृष्टीने धोक्याचेच असते. त्याखेरीज त्या शिक्षकाला मधली सुट्टी तरी कोठे असते? शिक्षकाचे काम ओळखण्याचे आणि पोचवण्याचे आहे, आणि ते लहान नाही. हजेरीपटावर सोमवारच्या गैरहजेऱ्यांची ओळ त्याला दिसते. एकाएकी घसरलेले अक्षर, डबा न खाणारी मुलगी, हाताची बाही उन्हाळ्यातही खाली ओढून घेणारा मुलगा त्याच्या नजरेस पडतो. एवढे त्याने एका नेमलेल्या माणसाच्या कानावर घालावे, आणि त्या माणसाने पुढचे पाहावे.

तसा माणूस काय करू शकतो याची कल्पना त्याच संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत केलेल्या पुढच्या प्रयोगावरून येते. तेथे आधी वर्गावर्गात जाऊन, चित्रफीत दाखवून, ताण म्हणजे काय आणि मदत कोठे मिळते हे सांगितले, तेव्हा मुले आपण होऊन येण्याचे प्रमाण वाढले. आलेल्यांपैकी २५१ विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून एकाला चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या, आणि दुसऱ्याला त्याच पुस्तिकांबरोबर प्रशिक्षित समुपदेशकाच्या, तीनेक आठवड्यांत उरकणाऱ्या चार-पाच छोट्या भेटी दिल्या. भेटींत गूढ असे काही नव्हते. मुलाने आपल्याला सर्वांत छळणारी अडचण नेमक्या शब्दांत सांगावयाची, तिच्यावरचे शक्य ते मार्ग, भले-बुरे सारे, कागदावर मांडावयाचे, त्यातला एक निवडून आठवडाभर करून पाहावयाचा, आणि काय झाले ते पुढच्या भेटीत येऊन सांगावयाचे. सहा आठवड्यांनी मोजले तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता समुपदेशकाच्या गटात अधिक उतरली होती. मात्र लक्षणांच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर त्या वेळी दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. हा उत्तरार्ध उत्साही मंडळी गाळतात, मला तो महत्त्वाचा वाटतो. चार भेटींनी विकार बरा होत नाही. चार भेटींनी अडचण आवाक्यात येते, आणि ज्याला त्याहून अधिक हवे आहे तो मुलगा कोण, हे ओळखू येते. अशा ओळखल्या गेलेल्यांनाच तज्ज्ञाकडे पाठवले, तर त्या दहा मिनिटांच्या रांगेची अर्धा-अर्धा तासाची भेट होऊ शकेल.

या कामात देखरेखीचे महत्त्व प्रशिक्षणाहून अधिक आहे. पाच दिवसांचे प्रशिक्षण देऊन, प्रमाणपत्र व पिशवी हाती ठेवून माणसाला गावात सोडून देणे हा आपला जुना शिरस्ता आहे. दिल्लीत समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसत, संमतीने ध्वनिमुद्रित केलेली एखादी भेट ऐकत, आणि कोठे घाई झाली, कोठे उपदेश सुरू झाला, हे एकमेकांना दाखवून देत. तालुक्याच्या चार-पाच समुपदेशकांना जिल्ह्याच्या मानसशास्त्रज्ञाने महिन्यातून दोनदा असे बसवणे, आणि मधल्या काळात अडल्यास टेली-मानसवरून सल्ला घेणे, यात अशक्य काय आहे?

मुले येत नाहीत तर आपण मुलांकडे जावे, हा विचार मराठी माणसाला परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले तेथेही येईनात, तेव्हा कुरणशाळा निघाली आणि शिक्षिका कुरणात गेल्या. ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने उचलले. नाव उचलताना त्यामागचा हट्ट कितपत उचलला, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. आपल्या ऊसतोड कुटुंबातील मुलीपुरते बोलावयाचे, तर समुपदेशकाने आठवड्यातला एक ठरलेला वार तिच्या शाळेत किंवा हंगामी वसतिगृहात घालवला, की आजीची मजुरी वाचते, रांग वाचते, आणि दुसरी भेट मुलीच्या वेळापत्रकातल्या एका रिकाम्या तासिकेत होऊन जाते. झटके वेडाचे नाहीत व ढोंगाचेही नाहीत, हे आजीला तिच्या ओट्यावर बसून समजावता येते. कारखान्याच्या तळावर असलेल्या आईला दूरध्वनीवर घेता येते. कदाचित मुलीला हवे असलेले औषध एवढेच असेल, की आईने रोज रात्री आठ वाजता फोन करावा.

या जवळिकीला एक अडचणीची बाजू आहे, ती लपवू नये. गाव जितके लहान, तितके गुपित राखणे कठीण. म्हणून शाळेत समुपदेशक बसतो ती खोली मुख्याध्यापकांच्या दारातून जावी लागणारी नसावी, त्याच खोलीत वाचनालय किंवा खेळाचे साहित्यही असावे, म्हणजे आत जाणाऱ्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. गुप्ततेची ग्वाही देतानाही तिची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी लागते: मूल स्वतःला इजा करण्याच्या बेतात असेल तर घरच्यांना सांगावेच लागते, आणि लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर करणाऱ्या माणसाकडे ते मूल पुन्हा येत नाही. त्याच्या मैत्रिणीही येत नाहीत.

देवऋषाबद्दलही दोन शब्द. अघोरी प्रकारांना २०१३ च्या कायद्याने शिक्षा आहे, आणि मुलीला मारहाण किंवा उपासमार होत असेल तर तो कायदा वापरलाच पाहिजे. पण अंगारा लावणाऱ्या प्रत्येकाशी भांडण उकरून काढणाऱ्या कार्यकर्त्याला आजी दारात उभे करीत नाही, हाही अनुभव आहे. अंगारा असू दे आजी, पण गुरुवारी ताई शाळेत येते तिला पोर भेटू दे, एवढी तडजोड करणाऱ्याच्या पदरात रुग्ण पडतो.

वयाच्या सीमेचा प्रश्न मोठ्या मुलांच्या बाबतीत उभा राहतो. अठरावे सरले की बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे दार लागते, एकोणिसावे सरले की किशोर कार्यक्रमाचे. तोच काळ बारावी सुटून शहरातल्या खोलीवर एकटे राहण्याचा, आणि तीव्र मनोविकारांपैकी अनेकांनी प्रथम डोके वर काढण्याचा. ऑस्ट्रेलियात २००६ पासून सुरू झालेल्या ‘हेडस्पेस’ केंद्रांनी म्हणूनच बारा ते पंचवीस असा अखंड वयोगट धरला. पुण्यातील सदाशिव पेठेत राहून स्पर्धापरीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारा तेवीस वर्षांचा मुलगा आपल्या कोणत्याच योजनेच्या व्याख्येत मावत नाही.

राहिला प्रश्न हिशेबाचा. जिल्ह्यातून वर जाणाऱ्या मासिक अहवालात शिबिरे किती, व्याख्याने किती, लाभार्थी किती, असे रकाने असतात, आणि रकाना असेल तेच काम होते, हा कोणत्याही खात्याचा स्वभाव आहे. त्यात दोन रकाने वाढवावेत: चिठ्ठी दिलेल्या मुलांपैकी पोचली किती, आणि पोचलेल्यांपैकी महिन्याच्या आत दुसऱ्यांदा भेटली किती. पहिले काही महिने हे आकडे लाजिरवाणे येतील, त्याची तयारी वरिष्ठांनी ठेवावी. लाजिरवाणा आकडा पाठवणाऱ्या तालुक्याला कारणे-दाखवा नोटीस गेली, की पुढच्या महिन्यापासून तो आकडा सुंदर होईल आणि निरुपयोगी होईल.

या सेवेतील बहुतेक माणसे करारावर नेमलेली असतात, ती चांगली काम करू लागली की करार संपतो, किंवा बऱ्या पगाराची जागा मिळून ती निघून जातात. यात त्यांचा दोष नाही. पण ज्या मुलाने सहा भेटींनंतर प्रथमच तोंड उघडले, त्याला सातव्या भेटीला खुर्चीत अनोळखी चेहरा दिसतो, आणि आपण सांगितले म्हणून ताई गेली, असा अर्थ ते मूल लावू शकते. पदे कायम करावीत ही मागणी रास्त आहे आणि ती होत राहील. तोवर एवढे तरी करता येण्यासारखे आहे, की जाणाऱ्याचा अखेरचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला आठवडा एकाच तारखांचा असावा, त्या आठवड्यात दोघांनी मिळून प्रत्येक चालू मुलाला एकदा भेटावे, आणि तशी भेट झाल्याची सही नोंदवहीत असावी. यासाठी नेमणुकीचा हुकूम सात दिवस आधीच्या तारखेचा काढावा लागतो, आणि ते जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात टिपणी लिहिणाऱ्या कारकुनालाही सुचवता येईल.